खालच्या ओठाचा निवाडा

चाखू हे काही धड माणसाचं नाव नाही, मला मान्य आहे. पण आमच्या दुकानात येणाऱ्या झाडून सगळ्यांनी सोळा वर्षं त्यांना ह्याच नावाने हाक मारली आणि त्यांनीही दर वेळी ओ दिली, तेव्हा आता तक्रारीला जागा नाही. मी तेवढी काका म्हणायचे. तेही डोकं ठिकाणावर असलं तर. रागावले की मीसुद्धा चाखूच म्हणायचे, आणि मला राग यायला फार वेळ लागत नाही, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

दुकान गळ, रॉड आणि रिळांचं. वडिलांनी काढलेलं, आता माझं. अरुंद आणि लांब. पुढे काउंटर, मागे एक खिडकी, खिडकीखाली बाक. त्या बाकावर चाखू. गावाबाहेरच्या तळ्यात मोठाले कार्प मासे आहेत आणि त्यांना पकडणारी माणसं आमची गिऱ्हाइकं. पकडतात, वजन करतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. खायचा नाही, विकायचा नाही, मग पकडायचा तरी कशाला, असं माझी आई शेवटपर्यंत विचारत राहिली.  

कार्प हा महासंशयी मासा. तळाच्या चिखलातून खाणं तोंडात ओढतो, घोळवतो आणि जरा काही वावगं वाटलं की थुंकून मोकळा. गळ आमिषात खुपसून दिला तर ह्याला लगेच कळतं. म्हणून हेअर रिग. म्हणजे आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या मागून केसासारखा एक बारीक दोरा सोडायचा आणि मक्याचा दाणा किंवा पिठाची उकडलेली गोळी त्या दोऱ्याला ओवायची. मासा गोळी ओढतो, तिच्यामागून मोकळा गळही तोंडात जातो, तो थुंकायला बघतो आणि गळ खालच्या ओठात बसतो. ऐकायला सोपं आहे. खरी मेख त्या दोऱ्यात. राठ असला तर गोळी मोकळेपणी हलत नाही, माशाला वास लागतो. फारच मऊ असला तर लांब फेकताना गळाभोवतीच गुंडाळी करून बसतो. चिखलाच्या तळाला विणीचा मऊ धागा, शिंपल्याखड्यांच्या तळाला वरून कवच असलेला चिवट धागा, पाणी नितळ असलं तर न दिसणारा फ्लोरोकार्बन. त्यातही प्रत्येक कंपनीचा माल वेगळा, आणि एकाच कंपनीची दोन रिळंही सारखी निघतील ह्याची खात्री नाही.

सोळा वर्षांपूर्वी मी काउंटरवर अशाच एका धाग्याशी झटापट करत होते. एक गृहस्थ पिशवीचा बंद शिवायला मजबूत दोरा मागायला आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "दोरा चुकीचा घेतलायस."

मी म्हटलं, "तुम्ही मासे पकडता का?"

"छे. आयुष्यात एक नाही पकडला."

"मग?"

"एकतीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात काजं केली. बटणाची भोकं गं. कारखाना बंद पडला, आता रिकामाच आहे." मग मला विचारलं, "तुझा तो मासा दोरा कशाने ओळखतो?"

म्हटलं, "ओठाने."

"मग तू बोटाने काय बघत बसलीयस?"

आणि माझ्या हातातला धागा घेऊन, पाण्याच्या ग्लासात बुडवून, डोळे मिटून त्यांनी तो खालच्या ओठावरून हळूच ओढला. "राठ," म्हणाले. दुसरा ओढला. "हा बघ, हा गरीब स्वभावाचा." त्या दुसऱ्या धाग्याच्या रिगवर त्याच आठवड्यात तीन मासे लागले. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी बाक साफ करून घेतला आणि तेव्हापासून चाखू तिथे बसून धागे तपासायचे, विकायचे रिग बांधून पाकिटांत भरायचे.

कारखान्यात असताना कॉलरच्या काजाला कुठला दोरा घ्यायचा हे ते ओठाने ठरवायचे. गळ्याशी दिवसभर घासणार, तो बोचता कामा नये. बोटांवर त्यांचा विश्वास नव्हता. "बोटं खोटं बोलतात," म्हणायचे. "कामाने घट्टे पडतात त्यांना. ओठाला कधी घट्टा पडलेला बघितलायस?" नवं रीळ आलं की त्याचा वीतभर तुकडा आधी तळ्याच्या पाण्यात भिजत पडायचा, त्यासाठी एक बाटली भरून ठेवलेली असायची. नळाचं पाणी त्यांना चालायचं नाही. मग ओठाच्या उजव्या अर्ध्यावरून, नेहमी तिथेच, एकदा पुढे, एकदा मागे. मग निकाल. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, राठ म्हटलं की ते रीळ खालच्या खणात जायचं. ह्या तपासणीवरूनच त्यांना चाखू म्हणायला लागले. काहींना खरंच वाटायचं की ते धागा चाखून बघतात. एकाने तर विचारलं होतं, "काका, मीठ बरोबर आहे का?" चाखू गंभीरपणे म्हणाले, "थोडं कमी आहे, पण माशाला रक्तदाब असेल तर बरंच."

माणूस मात्र भलता मानी. एकदा त्यांनी बांधलेल्या रिगमध्ये केसाची लांबी जास्त झाली, मी चार लोकांदेखत बोलून दाखवलं. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. बारा दिवस फिरकले नाहीत. शेवटी मला घरी जाऊन काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातापाया पडावं लागलं. काकू म्हणाल्या, "मला काय सांगतेस? गेल्या वर्षी आमटी अळणी झालीय असं म्हणाले नाहीत, नुसतं मीठ मागितलं, तर मीच दोन दिवस बोलले नाही. आम्ही दोघं एका माळेचे मणी." तेराव्या दिवशी चाखू आले आणि काही घडलंच नाही अशा थाटात बाकावर बसले. त्यानंतर मी त्यांच्या कामाबद्दल जाहीर बोलायचं सोडलं.

गेल्या वर्षी थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. आमचा पोस्टमन, जो तीनला टपाल वाटून होताच सायकल थेट तळ्याकडे वळवतो, तो आमच्याच दुकानातलं रिगचं एक पाकीट घेऊन काउंटरशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, रागावू नका. चार दिवस झाले. नुसते हिसके बसतायत, लागत एकही नाही. धागा बघा जरा."

मी तो माझ्या ओठाला लावून बघितला. केरसुणीची काडी परवडली. मला वाटलं चुकून खालच्या खणातलं रीळ वापरलं गेलं. मागे जाऊन विचारलं, "काका, हा धागा कधीचा?"

"परवाच आलेला. मऊसूत आहे की नाही? हल्ली कंपन्या सुधारल्यात गं. सगळंच छान यायला लागलंय. ह्या महिन्यात एक रीळ नापास केलं नाही मी."

म्हणाले आणि हसले. मी त्यांच्या बाकावरची सगळी रिळं डोळ्यांनी मोजली. खालचा खण रिकामा होता. जे जे त्यांनी आजवर नाकारलं होतं, तेही वर येऊन बसलं होतं.

आता मी काय करायला हवं होतं, ते मला आज कळतं. तेव्हा मला ते बारा दिवस आठवले. शिवाय मनात आलं, वय झालं. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, कधीतरी हात चुकणारच. ह्या वयात त्यांना तोंडावर सांगायचं, तुमचं आता काही खरं नाही, हे माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर मी स्वतःलाच फार शहाणी समजले. पोस्टमनला दुसरं पाकीट दिलं आणि म्हटलं, माल खराब निघाला, कुठे बोलू नका.

दुसऱ्या दिवसापासून मी तासभर आधी दुकान उघडायला लागले. शटर अर्धंच वर करायचं, दिवा लावायचा आणि चाखूंनी आदल्या दिवशी बांधलेले रिग पाकिटांतून काढायचे. धागा कापून गळ मोकळा करायचा. मग माझ्या ओठावर तपासलेला मऊ धागा घेऊन, गळाच्या दांड्याला त्यांच्यासारखेच सात वेढे मारायचे, केस मागे सोडायचा, टोकाला फास, आणि पाकीट होतं तसं बंद. त्यांनी घातलेल्या गाठी कापताना मला वाईट वाटायचं, कारण हाताने ते अजून माझ्यापेक्षा दसपट चांगले होते. दुपारी ते येऊन बसायचे, राठ धाग्याचे नवे बांधायचे, मी सकाळी सोडवायचे. असं रोज.

आणि मासे लागायला लागले. पोस्टमनला तर अकरा किलोचा लागला. फोटो घेऊन नाचतच आला. माझ्यासमोरून सरळ मागे बाकाकडे गेला आणि म्हणाला, "चाखू, तुमच्या ओठाला सलाम!" काउंटरवर उभी मी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रोज सकाळी मान मोडून मी मरायचं आणि सलाम ह्यांना! चाखू फोटो हातात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. इतका वेळ की पोस्टमनने शेवटी तो काढून घेतला. मला वाटलं, म्हातारा फुशारला.

मध्ये मध्ये बारीकसारीक काही दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चहा पिताना हनुवटीवर ओघळ यायचा आणि तसाच राहायचा. एक दिवस दाढी करताना कापलेलं, वाळलेलं रक्त घेऊन तसेच आले. मी म्हणाले, "काका, आरशात बघत जा हो जरा, दुकानात माणसं येतात." त्यांनी रुमाल काढून पुसलं. काकू बाजारात भेटल्या तर म्हणाल्या, "हल्ली घास तोंडातून सांडतो ह्यांचा, सांगितलं तर फाडून खातात." मी म्हटलं, "वय झालं काकू." त्याही म्हणाल्या, "हो ना." दोघी भाजी घेऊन आपापल्या घरी गेलो.

एका दुपारी मी चहा आणला. अजून कपाला हात लावता येत नव्हता इतका कढत. मी काउंटरवर ठेवून फुंकत होते. चाखूंनी आपला कप उचलला आणि नेहमीसारखा सरळ तोंडाला लावला. मी ओरडले, "अहो, पोळेल!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, कप खाली ठेवला. जीभ पोळली म्हणून हाय हाय केलं. ओठाबद्दल चकार शब्द नाही. दहा मिनिटांत खालच्या ओठाला उजवीकडे हा टपोरा फोड आला आणि ते शांतपणे एक धागा भिजवून त्याच फोडावरून ओढत होते.

"मऊ आहे," म्हणाले.

 मी दुकान तिथल्या तिथे बंद केलं, काकूंना फोन केला आणि तिघं मिळून दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चाखू वाटेत सबंध वेळ कुरकुरत होते. फोड आलाय तर मलम लावू, एवढं काय आकाश कोसळलंय, दुपारची गिऱ्हाइकं परत जातील, वगैरे.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. कापसाची काडी घेऊन ओठावर टेकवायची आणि विचारायचं, कळतंय का. डावीकडे टेकवली, म्हणाले, हो. उजवीकडे टेकवली, म्हणाले, हो. मग बाईंनी काडी बाजूला ठेवली, कुठेच न टेकवता विचारलं, "आता?"

चाखू म्हणाले, "हो, कळतंय की."

काकूंनी माझा हात धरला. मग बाईंनी जबड्याचा एक्स-रे काढला आणि त्यात दिसलं ते समजावून सांगितलं. उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेच्या मुळाशी जबड्याच्या हाडात आतल्या आत पू साचला होता, हाड पोखरलं होतं, आणि खालच्या ओठाच्या उजव्या अर्ध्याला जाणारी नस त्याने दाबून धरली होती. दाढ दुखली नाही का, असं विचारलं तर चाखू म्हणाले, थोडी ठणकायची, लवंग धरायचो.

"ओठ बधिर होऊन किती दिवस झाले?"

"आठ-दहा."

"नीट आठवा. आठ-दहा दिवस असतील तर आधी औषधांनी सूज उतरवून बघू, घाई नाही. त्याहून जास्त असतील तर थांबण्यात अर्थ नाही. उद्याच्या उद्या ऑपरेशन करून सगळं साफ करावं लागेल. नाहीतर नस कायमची जाईल, जबड्यालाही धोका आहे."

"आठ-दहाच," चाखू घाईघाईने म्हणाले. ऑपरेशन म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. "फार तर बारा. औषधं द्या तुम्ही."

बाई लिहायला लागल्या. मी खुर्चीत नुसती बसून होते. तोंड उघडलं तर सोळा वर्षं बाकावर बसलेला हा माणूस माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. नाही उघडलं तर काय, तेही बाईंनी आत्ताच सांगितलं होतं.

"अडीच महिने झालेत," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?" चाखू फिरले. "ओठ माझा!"

मग मी सगळं सांगितलं. काकूंसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर. पोस्टमनचं पाकीट, खालचा रिकामा खण, रोज सकाळचा तास, कापलेल्या गाठी. सांगताना मला रडू फुटलं आणि त्याचाही राग आला. "तुम्ही एकही धागा बरोबर निवडलेला नाही काका, अडीच महिन्यांत एकही नाही," हे मी चक्क ओरडून म्हणाले. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली.

चाखूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाईंनी कागद फाडून टाकला, दुसरा घेतला आणि विचारलं, "उद्या सकाळी नऊला?" त्यांनी मान हलवली.

ऑपरेशन नीट झालं. दाढ काढली, हाड खरवडून साफ केलं, जबडा वाचला. ओठाचं काही सांगता येत नाही, बाई म्हणाल्या. नस फार दिवस दाबलेली राहिली. थोडंफार परत येईल, पूर्वीसारखं येणार नाही. पहिल्या पंधरवड्यात आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं, का कुणास ठाऊक. मी काही घरची नव्हते.

दहा दिवस मी त्यांच्या घरी जायचं धाडस केलं नाही. अकराव्या दिवशी गेले. काकूंनी दार उघडलं आणि आत बोट दाखवलं. चाखू खिडकीपाशी बसले होते, गालावर सूज, हनुवटीखाली रुमाल बांधलेला. मी समोर बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. चुकले, तुमचं मन दुखवायचं नव्हतं, तुम्हाला कमीपणा येऊ नये म्हणून केलं, वाट्टेल ते बोला पण दुकानात या.

 मग ते हळूहळू, जपून जपून शब्द काढत बोलले.

"पहिले काही दिवस मला खरंच वाटलं, धागे सुधारले. मग एकदा दाढी करताना कापलं. बनियनवर रक्त सांडलं तेव्हा कळलं. आरशासमोर उभं राहून टाचणी टोचून बघितली. काही नाही. तेव्हाच कळलं मला."

"मग सांगायचं ना काका!"

"तुझ्याजवळ? तुला सांगितलं असतं तर बाकावर बसून काय केलं असतं मी?" त्यांनी रुमाल सारखा केला. "रात्रभर झोप नाही. सकाळी ठरवलं, डॉक्टरांकडे जायचं. काय असेल ते असो. आधी दुकानात येऊन तुला सांगणार होतो. आलो. बाकावर बसलो, आणि तेवढ्यात तो पोस्टमन फोटो घेऊन आला."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"अकरा किलोचा," चाखू म्हणाले. "माझ्याच रिगवर. म्हटलं, ओठ गेला तरी आपल्याला धागा कळतोय अजून. हाताला कळत असेल. कशाला जायचं डॉक्टरांकडे? त्यानंतर रोज कुणी ना कुणी येऊन सांगायचं, लागला म्हणून. रोज वाटायचं, आता जावं. पण मासे लागत होते ना गं."